पदराची गाठ आणि परीक्षेचा कागद

माझी आजी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. पण तिच्या पदराला एखादी तरी गाठ नाही, असा दिवस मला आठवत नाही. शेजारणीला उसने दिलेले मापटेभर तांदूळ, मंचरहून आणायचे औषध, कुणाच्या बारशाला करायचे झबले, असे सगळे त्या गाठीत असे. संध्याकाळी ओसरीवर बसून ती एकेक गाठ सोडी. ही कशाची, असे तिने कधी कुणाला विचारल्याचे मी ऐकले नाही. अंगठ्याने बोटांची पेरे चाचपत ती हिशेब करायची. चार बोटांची बारा पेरे, म्हणजे एका हातात डझन. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे. मग दोन, तीन. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. हे सगळे शाळेशिवाय तिच्या बोटांत बसलेले होते.

आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी तोंडपाठ. औटकीही येत असे. औट म्हणजे साडेतीन. माझा जन्म नवे पैसे आल्यानंतरचा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले, पुढे शेर-मणाची जागा किलोने घेतली आणि आमच्या शाळेतून या पाढ्यांची गरज संपली. आजोबांनी मात्र मला त्यातले थोडे घोकून घ्यायला लावले. पुढे मी बँकेत चिकटलो. गणनयंत्र शोधणाऱ्या साहेबांच्या आधी माझे उत्तर तयार असायचे, ते या अडाणी समजल्या गेलेल्या पाढ्यांच्या जोरावर. असो.

निवृत्तीनंतर मी अवसरी बुद्रुकला परतलो. कादंबरीची टाचणे करायची आणि उरलेल्या वेळात गावातली पोरे काय करतात ते बघत बसायचे, असा उद्योग. त्यातूनच हा लेख आला आहे. मुलांची वाढ म्हणजे उंची-वजनाची नव्हे, बुद्धीची वाढ. ती कशी बघायची, कशाने मोजायची, आणि मोजायची तरी का, याविषयी माझे म्हणणे या पानावर मांडायचे आहे. मी मानसशास्त्रज्ञ नाही. पण माणसांना कागदावरून जोखण्यात माझी सारी नोकरी गेली आणि त्यात मी किती चुकलो हे मला ठाऊक आहे.

आमच्या आळीतली एक मुलगी. सहावीत आहे. शाळेत एक चाचणी झाली आणि गणिताच्या रकान्यात तिच्या नावापुढे जो शेरा पडला त्याचा अर्थ घरी एवढाच पोचला, की पोरीला डोके नाही. शाळेचे नाव मी सांगत नाही. तिथल्या शिक्षकांनी हातात आलेला कागद भरून पुढे पाठवला, इतकेच. पण तिच्या वडिलांनी पारावर बसून मला सांगितले, "आबा, सातवी झाली की बास. डोकंच नाय तर कशाला वह्या-पुस्तकं? आईला शेतात हातभार लावंल." खेड्यात मुलीची शाळा सुटली की पुढे काय काय लवकर होते, ते मी वेगळे सांगायला नको.

गंमत म्हणजे ही मुलगी आठवड्याच्या बाजाराला आईबरोबर मंचरला बसते, ते मी पाहिलेले होते. म्हणून मी ठरवले की आपण तिच्या गोणपाटाशेजारी जाऊन बसावे. एक वही घेतली आणि लागोपाठ तीन बाजार तिच्याजवळ बसलो. आईला वाटले, म्हातारा पुस्तकात घालणार आहे. तिने मला चहा पाजला.

पहिल्या बाजाराची नोंद अशी आहे. गिऱ्हाइकाने अडीच किलो बटाटे घेतले, भाव अठ्ठावीस रुपये. पोरगी म्हणाली, "दोनाचे छप्पन, अर्ध्याचे चौदा, सत्तर द्या." मेथीच्या बारा रुपयांच्या तीन जुड्या, समोरून शंभराची नोट. तिने वजाबाकी केलीच नाही. छत्तिसावर चार ठेवले, चाळीस झाले, मग साठ दिले. तासाभरात तिने पंधरा-सोळा हिशेब केले आणि एकही चुकला नाही. बाजार उठल्यावर मी तिला वहीचे पान दिले आणि लिहिले : २८ गुणिले २.५. तिने खाली रेघ मारली, पाचाने गुणून १४० लिहिले, दोनाने गुणून ५६ लिहिले, दोन्ही आकडे एकाखाली एक नीट मांडून बेरीज केली आणि १९६ उत्तर काढून माझ्याकडे निर्विकारपणे बघितले.

मी विचारले, "अडीच किलो बटाट्याचे एकशे शहाण्णव मागशील का गं कुणाला?"

"मार खाईन ना आबा!"

म्हणजे बटाट्याचा हिशेब वेगळा आणि वहीतला वेगळा, ही गोष्ट तिने मनाशी केव्हाच मान्य करून टाकली होती.

हे फक्त आमच्या आळीत घडते असे नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-लिंबे विकणाऱ्या पाच मुलांचा असाच एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. बाजारात मुलांची उत्तरे शेकडा ९८ बरोबर आली. तीच आकडेमोड नुसत्या आकड्यांत कागदावर दिली तेव्हा शेकडा ३७. पाच मुले म्हणजे अगदी थोडी, असे कुणी म्हणेल. तर २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आपल्याच देशातला अभ्यास आला. दिल्ली आणि कोलकाता इथल्या बाजारांत काम करणारी चौदाशेहून अधिक मुले त्यात होती. निष्कर्ष तोच. पण त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटली. शेजारच्या शाळांतली मुले, जी कागदावरची गणिते सोडवू शकत होती, ती बाजारातल्या हिशेबात अडखळली. म्हणजे पूल दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे. मग 'डोके नाही' हा शेरा नेमका कुणाच्या नावापुढे लिहायचा?

या प्रश्नाचा मुळापासून विचार करणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी रशियात होऊन गेला. लेव विगोत्स्की. आपल्या बी. एड.च्या पुस्तकांत त्याला वायगॉट्स्की म्हणतात आणि परीक्षेपुरते पाच गुणांचे टिपण लिहून सोडून देतात. जन्म १८९६, मृत्यू १९३४, क्षयाने. अवघे ३७ वर्षांचे आयुष्य. तो म्हणे की माणसाचे मन कवटीत आपोआप पिकत नाही; माणसे पिढ्यान् पिढ्या जी साधने घडवतात, म्हणजे भाषा, आकडे, खुणा, ती हाती घेऊन मूल आपले मन घडवते. आणि साधनाचे उदाहरण देताना त्याने काय घ्यावे? आठवणीसाठी मारलेली गाठ! त्याची गाठ रुमालाची असेल, पण ते वाचताना मला ओसरीवर बसलेली आजीच दिसली. गाठ मारणारा माणूस आपल्या स्मरणशक्तीला बाहेरून वळण लावतो. जनावर आठवते, माणूस आठवण ठेवण्याची सोय करतो. या विचाराला पुढे सांस्कृतिक-ऐतिहासिक दृष्टी असे भारदस्त नाव पडले. नावाला घाबरू नये. मुलाकडे बघताना त्याच्या हातात कोणती साधने आली आणि ती कुणाकडून आली, हेही बघा, एवढेच तिचे सांगणे आहे.

यातून मुलांचा अभ्यास करण्याची पद्धतच बदलते. नेहमीच्या चाचणीत मुलाच्या हातातले सगळे काढून घेतात आणि प्रश्न टाकतात. विगोत्स्की आणि त्याचे सहकारी उलट करत. मुलाला जरा अवघड काम द्यायचे आणि शेजारी एखादी साधी वस्तू ठेवून द्यायची. मग मूल त्या वस्तूचे साधन करते का, आणि कसे करते, ते पाहायचे. त्याचा सहकारी लिओन्तिएव याने मुलांना प्रश्नोत्तरांचा एक खेळ दिला. अमुक दोन रंगांची नावे उच्चारायची नाहीत आणि एकदा वापरलेल्या रंगाचे नाव पुन्हा घ्यायचे नाही. शेजारी रंगीत पत्ते ठेवलेले. अगदी लहान मुलांना त्या पत्त्यांचा उपयोगच सुचेना. जरा मोठी मुले वर्ज्य रंगांचे पत्ते बाजूला सारून ठेवू लागली आणि त्यांच्या चुका एकदम कमी झाल्या. प्रौढांना पत्त्यांचा फारसा उपयोग होईना, कारण त्यांचे पत्ते तोवर मनात गेलेले होते. म्हणजे उत्तर चूक की बरोबर एवढेच मोजायचे नाही, उत्तरापर्यंतचा रस्ता कसा तयार झाला ते बघायचे. दुसरे असे, की मूल आज एकट्याने काय करते एवढ्यावर थांबायचे नाही. जाणत्याचा हात लागला तर कुठवर जाते, तेही बघायचे. या दोहोंमधल्या अंतरात उद्याचे शिक्षण असते, असे त्याचे म्हणणे.

अर्थात ही मंडळीही चुकली नाहीत असे नाही. विगोत्स्कीचा मित्र अलेक्झांडर लुरिया १९३१ आणि १९३२ साली मध्य आशियात, उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला. त्या काळी तिथे सामुदायिक शेती आणि साक्षरतेची मोहीम एकाच वेळी चालू होती. त्याने निरक्षर शेतकऱ्यांपुढे हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका ठेवून वेगळे कोणते असे विचारले. पुस्तकी उत्तर ओंडका. शेतकरी म्हणाले, वेगळे काहीच नाही. ओंडका नसेल तर करवत कशाला? थोडीफार शाळा केलेल्यांनी पुस्तकी उत्तर दिले. शिक्षणाने विचार करण्याची रीत बदलते, हा लुरियाचा निष्कर्ष मोलाचाच. पण प्रश्न शाळेचे, उत्तरांचे माप शाळेचे, मग शाळा जिंकणारच की! त्या शेतकऱ्यांनी लुरियाला पाणी आणि कापूस यांवरून प्रश्न विचारले असते तर? खुद्द सोव्हिएत राज्यकर्त्यांनाही हे संशोधन आवडले नाही, कारण त्यात त्यांना श्रमिकांचा अपमान दिसला. लुरियाचे ते पुस्तक बाहेर पडायला १९७४ साल उजाडले.

मी हा प्रयोग आमच्या अंगणात करून पाहिला. कोयता-खुरपे नको, म्हणून चार चित्रे काढली : गाय, शेळी, बिबट्या, ऊस. जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना पुढचे कळलेच असेल. विचारले, यात वेगळे कोणते? दुसरीतल्या पोराने दोन-दोनच्या जोड्या लावल्या. "गाय न् शेळी गोठ्यात, बिबट्या उसात." ज्या मुलाला तिन्हीसांजेला उसाच्या कडेने एकटे जाऊ देत नाहीत, त्याच्या दृष्टीने याहून शहाणी वर्गवारी कोणती? मी गप्प बसलो. तेवढ्यात तोच म्हणाला, "पण शाळेत इचारलं तर ऊस म्हणायचं. तो झाड हाय."

या एका वाक्यासाठी मी माझी अर्धी वही द्यायला तयार आहे. सात वर्षांच्या मुलाला दोन्ही उत्तरे ठाऊक होती, आणि कोणते कुठे चालते तेही ठाऊक होते. एकच प्रश्न विचारून, एकच उत्तर लिहून घेऊन उठणाऱ्या परीक्षकाला हे कधी कळले असते?

आपल्याकडेही मोजमापाचा इतिहास जुना आहे. १९३०च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागातल्या कानडी आणि मराठी मुलांवर काम करून बिने यांची बुद्धिमापन कसोटी आपल्यासाठी बसवली. परदेशी प्रश्न जसेच्या तसे न घेता आपल्या भाषांत, आपल्या मुलांवर घासून घेतले, हे त्या काळी मोठेच काम होते. तक्रार कामतांविषयी नाही. बुद्ध्यंक म्हणजे कपाळावरची रेघ, असे मानून तो आकडा वापरणाऱ्यांविषयी आहे.

पण याच महाराष्ट्रात दुसरी वाटही होती. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून आल्या. १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बालवाडी काढली, पण वस्तीतली मुले येईनात. ताराबाईंच्या जागी एखादा अधिकारी असता तर त्याने 'पालकांची उदासीनता' असा शेरा मारून फाइल मिटवली असती. (मी मारले आहेत असे शेरे.) या बायकांनी बालवाडी उचलली आणि मुलांच्या अंगणात नेऊन ठेवली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी खडे, बिया, पाने, शिंपले आले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरांमागे जात, म्हणून शाळा कुरणात गेली आणि तिचे नाव कुरणशाळा झाले. त्यांनी विगोत्स्की वाचला होता की नाही, याने मला काही फरक पडत नाही. मूल जिथे जे करते आहे तिथेच जाऊन, त्याच्या हातातल्या वस्तूंनी सुरुवात करायची, हे त्यांनी मुले बघत बघत शोधले. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज अंगणवाडीसेविकेच्या हातात वजनकाटा आहे, मोबाइल आहे, भरायच्या रकान्यांची रांग आहे. मुलाकडे निवांत बघायला तिला वेळ किती उरतो, ते तिलाच विचारा.

आता माझ्या म्हणण्याला एक दुसरी बाजू आहे, ती लपवणे बरे नाही. 'बाजारच खरी शाळा' असे म्हणणारे शहरी लोक मला भेटतात. त्यांना मी बँकेतली एक गोष्ट सांगतो. एक शेतकरी कर्जाची चौकशी करायला आला. मी सांगितले, व्याज बारा टक्के. तो उठलाच. म्हणाला, "साहेब, सावकार शेकडा तीन घेतो, तुम्ही बारा?" सावकाराचे तीन महिन्याचे होते, म्हणजे वर्षाचे छत्तीस. बँकेचे बारा वर्षाचे. हा माणूस दुधाचा, कांद्याचा हिशेब तोंडी करणारा. पण महिना आणि वर्ष एका मापात आणून शेजारी ठेवण्याचे जे साधन शाळा देते, ते त्याच्यापर्यंत पोचलेले नव्हते. मी तेव्हा नवा होतो, समोर रांग होती. मी त्याला ते समजावले नाही, जाऊ दिले. त्याने कुठून कर्ज काढले असेल ते मला कळते, आणि पस्तीस वर्षांनंतरही रात्री कधी कधी आठवते. बाजाराने दिलेली बुद्धी बाजाराच्या हद्दीत चालते. हद्दीबाहेर जायला वही लागते. म्हणून तर त्या पोरीची शाळा सुटू नये असा माझा आटापिटा.

दुसऱ्या बाजारी मी तिच्या त्याच चुकलेल्या गुणाकाराशेजारी तिचा बाजारातला हिशेब लिहिला : छप्पन, चौदा, सत्तर. बोललो काहीच नाही. तिने दोन्हीकडे बघितले. पेन्सिल तोंडात धरली. एका गिऱ्हाइकाला कोथिंबीर दिली, पुन्हा येऊन बघितले. मग १४० वर बोट ठेवून म्हणाली, "आबा, हे एकशेचाळीस नाय. हे चौदा हाय. हा पाच म्हणजे अर्धा किलो हाय." दशांश चिन्ह तिला तीन वर्षे शिकवले होते, ते त्या क्षणी पहिल्यांदा दिसले. तिसऱ्या बाजारी मी ३६ गुणिले ३.५ दिले. तिने १८० लिहिले, शून्याआधी टिंब दिले, खाली १०८ मांडले आणि १२६ उत्तर काढले. मग पेरांवर तपासून पाहिले. आजोबांच्या औटकीत हे उत्तर तयार मिळाले असते, पण ते मी तिला सांगितले नाही.

चाचणीच्या कागदावर या तीन बाजारांना जागा नाही. तिथे एकच दिवस असतो आणि एकच खूण. मी असे म्हणत नाही की राज्यातल्या प्रत्येक मुलाशेजारी कुणी तीन आठवडे बसावे. 'प्रथम'ची 'असर' पाहणी २००५ पासून घरोघर जाऊन मुलांना वाचायला आणि गणिते सोडवायला लावते. देशाला आरसा दाखवायला अशी पाहणी हवीच. पण देशासाठीचे माप वेगळे आणि एका पोरीचे भवितव्य ठरवायचे माप वेगळे. रस्त्याच्या मैलाच्या दगडाने कुणी अंगरख्याचे कापड मोजत नाही. मुलाविषयी निर्णय घ्यायचा असेल तर निदान तीन वेळा बघा, दोन ठिकाणी बघा, आणि एकदा तरी मदतीचा हात देऊन बघा, एवढे शाळांना सांगता येणार नाही का? त्याला यंत्र लागत नाही. साध्या वहीत, तारखा घालून, मुलाचेच शब्द लिहून ठेवणारा शिक्षक लागतो. असे शिक्षक आमच्या तालुक्यात आहेत. त्यांचा वेळ माहिती भरण्यात जातो.

मागच्या आठवड्यात मी वही घेऊन तिच्या वडिलांकडे गेलो. पारावर उजेड कमी होता, तरी त्यांनी पाने उलटली. १९६ ला काट मारलेले पान त्यांनी बराच वेळ धरून ठेवले. म्हणाले, "हे तिनंच खोडलं?" मी म्हटले, तिनेच. मग खिशातून त्यांनी एक घडी केलेला कागद काढला. खताच्या उधारीचा होता, खाली व्याज लिहिलेले. "हे तिला दावून बघू का?" म्हणाले. "का तुम्हीच बघता?"

मी म्हटले, "तिलाच दाखवा. मी शेजारी बसतो."